एक इंच म्हणजे एक मैल

लक्ष्मीपुरीतल्या रद्दीवाल्यानं तो वजनावर दिला.
कापडावर चिकटवलेला, आठ घड्यांचा,
कोपऱ्यात छापील किंमत: एक रुपया आठ आणे.
मला चौदा रुपयांना पडला,
वर दोन जुनी पंचांगं फुकट.

वीज मंडळात तेहतीस वर्षं काढली मी.
साळवणच्या वरचा मुलूख मला खांबांवरून कळतो:
इथं तार तुटली होती,
तिथं डीपीत घोरपड शिरून सात गावं अंधारात गेली.
या कागदात एकही खांब नाही.

तपकिरी रेषा आहेत,
कापशी चपलेच्या पानावर शिवण घालावी तशा जवळजवळ.
त्या जिथं दाट, तिथं धाप लागते
हे माझ्या गुडघ्यांना आधीच ठाऊक.

कुंभीच्या अलीकडे सात लाल ठिपके, एक निळा.
डुबलवाडी. विहीर.
त्या शिवारात मी दोनशे वेळा तरी खांबावर चढलोय,
वरून मला फक्त ऊस दिसला.

ठिपक्यांपासून पायवाट निघते, तुटक तुटक,
नदीकडे उतरते
आणि नेमकी तिथं घडी आहे.
शंभर वर्षांच्या उघडझाकीत कागद झिजला,
भोक पडलं,
उतार गेला.

म्हणून एसटीनं गेलो, भोक विचारायला.

नवलू झोरे म्हशी घेऊन येत होता.
"उतार व्हय? त्यो बंधाऱ्याच्या पाण्यात गेला.
पर म्हसरांस्नी म्हाईत हाय.
सोडा की, बराबर तितनंच पाण्यात शिरत्यात."
आणि शिरल्या. एकीमागं एक,
कागदात नसलेल्या रेषेवरून,
फक्त शिंगं वर.

"त्या टेकाला काय म्हणतंय तुमचं कागद?"
इंग्रजी अक्षरं मी जुळवून वाचली: कशाला.
कशाला, दोन हजार आठशे चौदा फूट.
नवलू हसता हसता खालीच बसला.
"आमचा पणजाच आसंल त्यो!
टोपीवाला इचारतोय, ह्येचं नाव काय,
ह्यो म्हणतोय, कशाला? पट्टी बसवायला?
आन् त्येनं घेतलं की लिवून!"
मग खरं नाव काय, मी विचारलं.
त्यानं कागदाकडं पाहिलं, माझ्या पेनाकडं पाहिलं.
"कशाला?" म्हणाला.

निळ्या ठिपक्यावर आता मोटारीची खोली आहे.
लाल ठिपके सरीत गेले, नांगराखाली, पाल्याखाली.
बांधावर मात्र अर्धं जातं,
खुंट्याच्या भोकात पावसाचं पाणी, पाण्यात एक बेडूक.

वाडी का उठली?
तानूबाई पडवळ म्हणतात, पटकी.
त्यांचा दीर म्हणतो, वाघ.
मुलगा मोबाईलमधून मान वर न काढता:
"सडक झाली. सडकंला आली माणसं. दुसरं काय."
नकाशा कुणाचीच बाजू घेत नाही.
जातं जड होतं, न्यायचं राहिलं,
एवढ्यावर तिघांचं एकमत.

मग तानूबाईंनी पदराला हात पुसले.
"माझं म्हायार दावा ह्यात. भेंडवडी."
उसाच्या पातीनं चिरलेलं त्यांचं बोट
निघालं डुबलवाडीतून, कशाला टेकाला वळसा घालून,
दोन ओढे ओलांडून खाली, आणखी खाली,
रानाच्या हिरव्यातून,
काळ्या चौकटीवरून
कागद संपवून थेट माझ्या मांडीवर आलं.

तळाशी बारीक अक्षरांत शेजारच्या नकाशाचा नंबर होता.
"मावशी, तुमचं गाव पुढच्या कागदावर."

"मग येताना त्यो आणायचा न्हाई व्हय?"

वारं सुटलं होतं.
घडी न घालताच त्यांनी नकाशावर
जात्याचा एक कपचा ठेवला
आणि म्हशीला वाडं टाकायला गेल्या.